पिकू दे, मग बघू

मलकापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. काचा घासतो, फ्रेमा बसवतो, नंबर काढतो. शाळेतल्या पोरांपासून रिटायर झालेल्या फौजींपर्यंत निम्म्या गावाच्या नाकावर माझ्या हातची फ्रेम आहे, हे मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो अशी बायकोची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. एवढं सगळं असून माझ्या सख्ख्या आईचा डावा डोळा माझ्या डोळ्यांदेखत गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या कुणी ऐकवण्याआधी मीच सांगून टाकतो.

आई तासगावला धाकट्या भावाकडे असते. आम्ही दोघं भाऊ लहान होतो तेव्हापासून ती बेदाणा निवडायला जाते. शेडमध्ये द्राक्षं वाळून बेदाणा झाला की त्यातल्या काड्या, खडे काढायचे आणि रंगाप्रमाणे माल वेगळा करायचा. हे काम बायकांचं. लांबलचक टेबलाच्या दोन्ही अंगाला बायका बसतात, पुढ्यात ट्रे. हिरवा एकीकडे, पिवळा एकीकडे, काळा पडलेला बाहेर. आई तिथली सगळ्यात जुनी. व्यापारी आला की शेडमालक नमुना म्हणून तिच्याच ट्रेतली मूठ पुढे करायचा. ती बोटं न थांबवता गप्पा मारायची, आणि काळा दाणा तरीही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. मला चिडवायची, "तू काचा लावून लोकास्नी दावतूस, मी बिनकाचंचं बघती."

तिला साखर निघून पंधरा-सोळा वर्षं तरी झाली असतील. निघाली तेव्हा आम्ही सगळे घाबरलो, ती सोडून. दुखत नाही, खुपत नाही, मग तो कसला आजार, असं तिचं म्हणणं. गोळी आठवली तर घ्यायची. निवडताना माल तोंडात टाकायचा नाही हा शेडचा नियम, गोड खायचं नाही हा डॉक्टरांचा. ती दोन्ही एका घासात मोडायची. "दाना चाखल्याबिगर त्येची जात कळत न्हाई," म्हणायची, आणि मी हसायचो. मला तिचं कौतुकच वाटायचं, काय सांगू.

मग एक दिवस तिचा फोन आला, "नंबर बदललाय वाटतं रं."

सोमवारी माझं दुकान बंद असतं. काचांची पेटी आणि अक्षरांचा तक्ता पिशवीत घालून मी एसटीनं तासगावला गेलो. तिला दारातल्या उजेडात स्टुलावर बसवलं, समोर मी. तिची हनुवटी धरून तोंड सरळ केलं, नाकावर तपासायची फ्रेम चढवली आणि एकेक काच बदलत विचारत गेलो. "आता?" "जरा बरं." "आता?" "आता लय बरं." नंबर लिहून घेतला, दुकानात येऊन चष्मा केला आणि पुढच्या सोमवारी जाऊन तिच्या नाकावर बसवला. तिनं इकडं-तिकडं बघून म्हटलं, "झ्याक दिसतंय." मी खूश. आईसाठी म्हणून फ्रेमही भारीतली वापरली होती.

अडीच-तीन महिन्यांनी परत फोन, नंबर बदललाय. परत पेटी, तक्ता, स्टूल, हनुवटी. या वेळी नंबर उलट्या बाजूला सरकलेला. म्हटलं, मागच्या वेळी माझीच काही तरी चूक झाली असेल, नाही तर तिनं मान हलवली असेल. दुसरा चष्मा केला. त्या वर्षात असे तीन झाले. साखर वर-खाली झाली की डोळ्याचा नंबरही वर-खाली होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. काचांच्या कंपनीनं एकदा आम्हा दुकानदारांना बोलावून डोळ्यांच्या डॉक्टरांचं भाषण ठेवलं होतं, त्यात ऐकलेलं. पण त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

पुढच्या वर्षी ती म्हणाली, "डोळ्याफुडं धूर आल्यागत हुतंय. मधीच काळ्या माशा उडत्यात." मी बॅटरी मारून बघितलं. बाहुलीत पांढरट छटा दिसली. मी डॉक्टर नाही, पण वासरात लंगडी गाय शहाणी. आमच्या घरात डोळ्याचं मीच सांगायचं असा रिवाज पडला होता. मी ऐटीत सांगितलं, "मोतीबिंदू आहे. अजून कच्चा आहे. पिकू दे, मग बघू."

हे वाक्य मी माझ्या दुकानातल्या म्हाताऱ्यांनाही सांगत आलो होतो. मला ते माझ्या उस्तादानं शिकवलं, त्याला त्याच्या. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही ही जुन्या काळातली गोष्ट झाली, आता तशी वाट बघत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. पण आईला ते असं काही पटलं की विचारू नका. ती द्राक्षांच्या गावची. कच्चा घड तोडला तर बेदाणा चपटा होतो, हाताला भरत नाही, हे तिला झोपेतही ठाऊक. बेदाण्याच्या बागेत शेतकरी घड तोडायची घाई करत नाहीत. एक दाणा चिरडून त्याचा रस छोट्या नळीच्या काचेवर घेतात, नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघतात आणि साखर किती भरली ते ओळखतात. साखर भरली की मगच तोडणी. "व्हय की," आई म्हणाली, "साकर भरल्याबिगर हात लावू नये." आम्ही दोघं हसलो. आणि दोन हंगाम वाट बघत बसलो. तिच्या अंगातली साखर तोवर भरतच होती. ती बघायची नळी आम्ही कुणी डोळ्याला लावली नाही.

त्यातच तिनं परत नंबर काढायला लावला, तो चौथा चष्मा घेऊन गेलो तेव्हा बेदाण्याचा हंगाम जोरात होता. आई घरी नव्हती म्हणून थेट शेडवर गेलो. तिच्या नाकावर तिसरा चष्मा नव्हता, पदराला बांधलेला होता. विचारलं तर म्हणाली, "पुसाया काढलाय." मला बसायला खोकं देऊन ती चहाचं बघायला बाहेर गेली. ती जाताच तिच्या शेजारी बसणारी बाई चटकन उठली आणि आईचा ट्रे स्वतःपुढे ओढून त्यातले दाणे उचलायला लागली. मला वाटलं, चोरतेय. माझा स्वभाव तापट. मी तिथंच आवाज चढवला, "काय चाललंय हे?"

"आवं दादा, हळू बोला," ती बाई दाराकडे बघत म्हणाली. "तुमच्या आईला हिरवा-काळा वळकू येत न्हाई आता. हंगाम लागल्यापासनं आमी दोघी-तिघी तिचा ट्रे परत निवडतूय. तिला वाटतंय कुनाला ठावं न्हाई. तुमी सांगू नगासा." आणि मग, अगदी साधेपणानं, "तुमचं तर चष्म्याचं दुकान हाय न्हवं? आमाला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल."

मी ट्रेत बघितलं. हिरव्या बेदाण्यात काळे दाणे. एक-दोन नाही, जागोजाग. त्या माउल्यांना स्वतःचं काम होतंच, वर त्या आईचंही करत होत्या आणि तिला कळूही देत नव्हत्या. मी शेडच्या मागे गेलो आणि रडलो. बेदाण्याला रंग यावा म्हणून तिथं गंधकाची धुरी देतात, त्यामुळे डोळे लाल का झाले याचं उत्तर आयतं मिळालं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन सांगली गाठली. डोळ्यांचा मोठा दवाखाना. तिथं आईच्या डोळ्यांत तीन-तीनदा थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाकावर बसवलं आणि मग आत घेतलं. डॉक्टरीणबाई माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. आईचे डोळे बघताना त्यांनी दिवा परत परत डाव्या डोळ्यावर नेला. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र लावलं. नारंगी गोल, त्यावर लाल ठिपके, पिवळे डाग. आईच्या डोळ्याच्या आतलं चित्र. बावीस वर्षं डोळ्यांच्या धंद्यात राहून डोळ्याची ती बाजू मी पहिल्यांदा बघत होतो.

"मोतीबिंदू आहे, पण जरासाच," बाई म्हणाल्या. "त्याची यात काही चूक नाही. बिघडलाय तो पडदा."

"पडदा म्हंजी?" आई म्हणाली. "जत्रंतल्या तमाशाचा आसतोय तसला?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की डोळ्याच्या मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. आपण जे बघतो त्याचं चित्र त्याच्यावर उमटतं. त्यात केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या असतात. अंगात साखर फार वर्षं राहिली, की त्या कमजोर होऊन पाझरायला लागतात, कधी फुटतात. आईच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरून गेलं होतं. काळ्या माशा म्हणजे तेच. त्या डोळ्याचं आता काही खात्रीनं सांगता येणार नव्हतं. उजव्याच्या पडद्याला सूज होती. तो वाचवता येईल, पण आठवडे वाया घालवायचे नाहीत. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, एक नाही, महिन्याच्या अंतरानं काही. लागलं तर लेसर. डोळ्यात इंजेक्शन म्हणताच आई पिशवी उचलून उभी राहिली.

मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून तो डॉक्टरीणबाईंवर काढला. "असं किती जणांना होतं हो? आमच्याच घरात कसं काय आलं हे?"

"तुमच्याच घरात?" बाई म्हणाल्या. "बाहेर बाकावर बघितलंत ना? निम्मे लोक याच्यासाठीच बसलेत. जाऊन विचारा."

त्या सहज बोलल्या असतील. पण मी विचारणाऱ्यातला माणूस. आईला बसवून बाहेर गेलो आणि खरंच बाकावर एका टोकापासून सुरू झालो. पहिला गृहस्थ इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून होता. वीस वर्षं साखर, जोडीला रक्तदाब. "साखरंत नोकरी केली, पेन्शनीत साखरच मिळाली," म्हणून स्वतःच हसला. त्याच्या शेजारी एक पोरगेला माणूस, तिशीतला. त्याला लहानपणापासून इन्सुलिन चालू. मला वाटायचं हा म्हाताऱ्यांचा आजार. पलीकडे जत भागातली एक बाई, सात महिन्यांची गरोदर. तिला आधीपासून साखर होती, म्हणून गावच्या डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाआधी डोळेही बघून घ्यायला पाठवलेलं. एकाची साखरेनं आधी किडनी बिघडलेली, मग डोळ्यांची पाळी आली. तो तंबाखू सोडलीय म्हणाला आणि त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं. सगळ्यात शेवटी एसटीचा ड्रायव्हर. त्याला काही तक्रारच नव्हती. लांबचं, जवळचं, सगळं लख्ख दिसत होतं. साखर निघून दहा वर्षं झाली म्हणून कुणी तरी सांगितलं, एकदा थेंब घालून बघून घे, आणि आला, तर पडद्यावर ठिपके निघाले. त्या बाकावर मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

आत येऊन मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेच तर आहे. सुरुवातीला हा आजार काहीच बोलत नाही. साखर असलेल्या कुणालाही होऊ शकतो. जितकी वर्षं जास्त, साखर जितकी बेताल, तितकी शक्यता वाढते. कमी दिसायला लागल्यावर माणूस येतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून दिसत असतानाच यायचं, वर्षातून एकदा तरी." मग माझ्याकडे बघून, "तुमची साखर कशी आहे?"

"मला काही नाही," मी म्हटलं.

"तपासली कधी होती?"

मी मांडीवरच्या पिशवीची चेन उघड-बंद करत राहिलो. तेवढं मात्र आईला बरोबर दिसलं.

घरी आल्यावर आईनं सुई घ्यायला साफ नकार दिला. "योक गेला तर गेला. ऱ्हायलेल्यात सुई घालून घिऊ व्हय?" भावानं समजावलं, भावजयीचं हातापाया पडून झालं. शेजारच्या बायका येऊन गेल्या, त्यांतल्या दोघींनी आणखी घाबरवून ठेवलं. एक आठवडा गेला. मी फोनवर रोज ओरडत होतो. एका सकाळी तर फारच बोललो. "तुला आंधळी व्हायचंय का? शेडमध्ये बायका तुझा ट्रे परत निवडतात, माहीत आहे तुला?" बोललो आणि जीभ चावली. ट्रेचं तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "आरं, तूच म्हनलावतास न्हवं, पिकू दे म्हून."

तिनं ते मला टोचायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं, की मुलानं सांगितलं म्हणजे त्यात काही तरी तथ्य असणार, अजून थोडं थांबायला हरकत नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. त्या दिवशी दुकानात मी दोन गिऱ्हाइकांचे चष्मे उलटसुलट केले.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "तुजी साकर बघितलीस का?"

"माझं काय मधेच?"

"मधीच न्हवं. माज्या बापाला हुती, मला हाय. तू दुकानात बसून दिसाला पाच डाव च्या पितूस, चालायचं नाव न्हाई. त्या बाईनं इचारल्यावर तुजं त्वांड कसं झालं ते मला दिसलं. तू साकर तपास, डोळं दाखीव. मी सुई घेती. न्हाई तर ऱ्हाऊ दे दोघांचंबी."

सोनारानंच कान टोचावे लागतात. त्याच संध्याकाळी मी बायकोला बरोबर घेऊन लॅबमध्ये गेलो. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला. साखर होती, आणि नुकतीच आलेली नव्हती. लॅबवाल्या पोरानं विचारलं, "काका, कधीपासून आहे?"  घरी आल्यावर चहाच्या कपात साखर घालता घालता बायकोचा हात थांबला.

आईनं शब्द पाळला. पहिल्या इंजेक्शनच्या वेळी मला दारापर्यंत जाऊ दिलं. आत ती हिरव्या चादरीखाली एवढीशी दिसत होती. मी देवाचं नाव घ्यायला लागलो तोवर ती उठून बसलीसुद्धा. "मुंगी चावल्यागत झालं. उगं इवढा दंगा केलासा," असं सगळ्यांना सांगत बाहेर आली. पुढच्या इंजेक्शनांना तर ती बाकावरच्या नव्या माणसांना धीर द्यायची. गोळ्या वेळेवर घ्यायला लागली, बेदाणा तोंडात टाकायचा बंद झाला. डावा डोळा परत आला नाही. उजव्याची सूज उतरत गेली. एक दिवस भावानं फोन लावून दिला आणि ती म्हणाली, "आज हिरवा-काळा वळकला. पिवळा अजून चकवतूय." मी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभा राहून "बरं, बरं" म्हणत होतो आणि हातातला त्याचा चष्मा तिसऱ्यांदा पुसत होतो.

आता ती परत शेडवर जाते. रंगाप्रमाणे निवडायला नाही, टेबलाच्या टोकाला बसून बोटांनी काड्या आणि खडे काढते. उजेड चांगला असला तर हिरवाही निवडते. तिचा ट्रे परत कुणी बघत नाही म्हणतात. मी विचारलं नाही.

दुकानात माझाही रिवाज बदलला आहे. "पिकू दे" हे वाक्य बंद. चाळिशीच्या पुढचं कोणी स्टुलावर बसलं, की नंबराआधी विचारतो, साखर आहे का, किती वर्षं, रक्तदाब आहे का, घरात कुणाला आहे, थेंब घालून पडदा कधी दाखवला होता. सहा महिन्यांत कुणाचा नंबर दोनदा बदलला तर तिसरा चष्मा मी करून देत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवतो. काही जण रागावून पलीकडच्या दुकानात जातात. एक म्हातारा तर म्हणाला, "आवं, चष्मा कराय आलूय, सोयरीक जमवाय न्हाई. किती इचारता!" पण तोच परवा येऊन सांगून गेला, की लेसर झालं, बरं झालं तुम्ही भंडावून सोडलं.

राहता राहिलं माझं. रक्त तपासलं, औषध सुरू केलं, डोळे दाखवायचं मात्र टाळत होतो. पुढच्या खेपेला, हंगाम संपू दे, दुकानात माणूस नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. त्या पडद्यावर माझं नारंगी चित्र लागणार आणि त्यात ठिपके निघणार, असं मला रोज वाटायचं. आईनं तीन महिने ऐकून घेतलं. मग एका सोमवारी सकाळी फोन, "मी सांगलीच्या ष्ट्यांडवर बसलीया. तू यं." तिच्या तपासणीचा तो दिवसच नव्हता. माझ्यावर पहारा करायला ती तासगावहून एकटी आली होती, एका डोळ्यानं.

माझ्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या ताणल्या, उजेड बोचायला लागला, जवळचं सगळं पुसट. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं. त्यांनी दिवा परत एकाच डोळ्यावर नेला तेव्हा मी खुर्चीचा दांडा आवळून धरला. मग त्या म्हणाल्या, "आत्ता तरी पडदा स्वच्छ आहे. वेळेवर आलात. आता दर वर्षी यायचं." कागदावर काय लिहिलं ते मला वाचता येईना. जन्मभर लोकांना अक्षरं वाचायला लावणारा मी, माझाच कागद उलटा धरून उभा. आईनं तो माझ्या हातातून घेऊन घडी घातली आणि पिशवीत टाकला.

बाहेर टळटळीत ऊन. मला डोळे उघडवेनात. तिनं माझं मनगट धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं, आणि रस्ता ओलांडून स्टँडवर घेऊन गेली. गाड्यांच्या पाट्या ती वाचत होती. "ही इट्याची. ही जतची. हां, ही आपली. चड." दुकान बंदच होतं, म्हणून मीही तिच्याबरोबर तासगावच्या गाडीत बसलो. तिनं मला खिडकीकडून उठवून सावलीच्या बाजूला बसवलं.

गाडी सुटल्यावर तिनं पिशवीतून एक फडकं काढून माझ्या मांडीवर सोडलं. आत चार चष्मे होते. मी बोटांनी चाचपले. एकेक वेगळ्या चिंधीत गुंडाळलेला, काचेवर ओरखडा नाही, दांड्या कडक. "घिऊन जा दुकानात," ती म्हणाली. "कुनाला तरी कामाला येत्याल."

"हे तू वापरलेच नाहीस?"

"तू आल्यावर घालायची की."

"आई, हे नवेकोरे आहेत."

"त्येनं दिसत न्हवतं रं. पयल्यापासनंच न्हाई."

 "मग दर वेळेला काच बदलली की लय बरं, लय बरं का म्हणायचीस? तेव्हाच सांगितलं असतंस तर..." माझा आवाज चढला. गाडीतल्या माणसांनी वळून बघितलं असेल, मला दिसत नव्हतं.

तिनं माझ्या मांडीवरच्या फडक्याला परत गाठ मारली. मग हळूच म्हणाली, "नंबर बदलला म्हनलं की तू यायचास. माजी हनवटी धरून तोंडाफुडं बसायचास. घटकाभर. येरवी तुला दुकान सोडून कवा सवड हुती?"

मी तिच्याकडे तोंड वळवलं. थेंबांमुळे ती अगदी शेजारी असूनही मला नीट दिसेना, नुसता पदराचा रंग आणि पांढरे केस. मी हात पुढे केला, चाचपत तिची हनुवटी शोधली आणि धरली.

"आता कशापायी?" ती म्हणाली. "आता काय नंबर काडायचा न्हाई."

कंडक्टर तिकिटासाठी येऊन उभा राहिला, तरी मी हात काढला नाही.